नेत्रप्राबल्य आणि छऱ्याच्या बंदुकीची नेमबाजी

नेत्रप्राबल्य म्हणजे दोन्ही डोळे उघडे असताना एखाद्या वस्तूची दिशा ठरविण्यासाठी मेंदूने एका डोळ्याच्या प्रतिमेला दिलेले प्राधान्य होय. ज्या डोळ्याला असे प्राधान्य मिळते त्यास प्रबळ डोळा म्हणतात. दैनंदिन व्यवहारात या गोष्टीची जाणीव सहसा होत नाही. एकनेत्री दुर्बीण कोणत्या डोळ्याला लावली जाते किंवा कॅमेऱ्याच्या खिडकीतून कोणता डोळा पाहतो, एवढ्यापुरतीच ती दिसून येते. छऱ्याची बंदूक अर्थात शॉटगन हाताळणाऱ्या नेमबाजाच्या बाबतीत मात्र प्रबळ डोळा कोणता, या प्रश्नाच्या उत्तरावर बार लागणे वा फुकट जाणे अवलंबून असते. उडत्या पक्ष्यांच्या शिकारीत आणि तिच्यातूनच विकसित झालेल्या तबकडी-नेमबाजीत म्हणूनच शिक्षणाचा आरंभ डोळ्यांच्या तपासणीने करण्याचा प्रघात आहे.

शरीरशास्त्रीय स्वरूप

नेपल्सचे विद्वान जामबात्तिस्ता देल्ला पोर्ता यांनी १५९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रकाशाच्या वक्रीभवनावरील ग्रंथात एका डोळ्याच्या प्राधान्याचे वर्णन आढळते. या विषयावरील ते पहिले वर्णन मानले जाते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी बोटाची चाचणी आजही वापरात आहे. विसाव्या शतकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. चाचणी कशाची चालली आहे हे पाहणाऱ्याला कळू न देता प्रबळ डोळा ओळखण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. (दुसऱ्या महायुद्धात रात्रीच्या उड्डाणापूर्वी वैमानिकांचे डोळे अंधाराला सरावावेत म्हणून वापरण्यात आलेले लाल चष्मे हीदेखील माइल्स यांचीच देणगी.)

सुमारे दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रबळ असतो, जवळपास एक तृतीयांश लोकांचा डावा. उरलेल्या थोड्या लोकांत कोणत्याही डोळ्याचे स्पष्ट प्राबल्य आढळत नाही. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा उजवाच डोळा प्रबळ असला पाहिजे असा समज सर्वत्र आहे, पण तो बरोबर नाही. हाताचे नियंत्रण मुख्यतः मेंदूच्या विरुद्ध बाजूच्या गोलार्धाकडे असते. डोळ्याचे तसे नाही. प्रत्येक डोळ्याच्या दृष्टिपटलावरील निम्मे तंतू आपल्याच बाजूच्या गोलार्धाकडे जातात आणि निम्मे चेतांच्या फुलीपाशी ओलांडून पलीकडे जातात. दोन्ही डोळ्यांची माहिती अशा रीतीने दोन्ही गोलार्धांना मिळत असल्याने नेत्रप्राबल्य हे डावखुरेपणाचे प्रतिबिंब ठरत नाही. डावखुऱ्या व्यक्तीचा उजवा डोळा आणि उजव्या हाताच्या व्यक्तीचा डावा डोळा प्रबळ असणे ही विकृती नसून नेहमी आढळणारी स्थिती आहे. हिला विषम प्राबल्य म्हणतात.

प्रबळ डोळा म्हणजे अधिक तीक्ष्ण डोळा, असेही नाही. चष्म्याचा क्रमांक जास्त असलेला डोळा दिशा ठरविण्याच्या कामी प्रबळ असू शकतो. संशोधक प्राबल्याचे निरनिराळे प्रकार मानतात. नेम धरण्यातील प्राबल्य हा एक प्रकार, तर दोन डोळ्यांना वेगवेगळ्या प्रतिमा दाखविल्या असता कोणती टिकून राहते यावरून ठरणारे प्राबल्य हा दुसरा. एकाच व्यक्तीत हे दोन्ही प्रकार एकाच डोळ्याकडे असतीलच असे नाही. नेमबाजाचा संबंध मुख्यत्वे पहिल्याशी येतो. नेम धरण्यातील हे प्राबल्यही पूर्णपणे स्थिर नसते. २००१ साली खान आणि क्रॉफर्ड या संशोधकांनी असे दाखवून दिले की नजर बाजूला वळली की प्राबल्य एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते. समोर पाहताना ठामपणे उजव्या डोळ्याचा असलेला नेमबाज अंगावरून आडव्या जाणाऱ्या पक्ष्यावर अकारण चुकतो, त्याचे एक कारण येथे असणे शक्य आहे. पक्ष्याचा पाठलाग केवळ बुबुळे फिरवून न करता कमरेपासून सबंध धड वळवून करावा, ही जुन्या प्रशिक्षकांची शिकवण या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

डोळा हाच मागचा दर्शक

रायफलीवर नेम धरण्यासाठी दोन खुणा असतात. एक डोळ्याजवळ, दुसरी नळीच्या टोकाशी. त्या दोन एका रेषेत आल्या की नळीची दिशा निश्चित होते, मग पाहणारा डोळा कोणताही असो. छऱ्याच्या बंदुकीला बहुधा टोकावरचा लहानसा मणी तेवढा असतो. त्यास मराठीत माशी म्हणतात. मागची खूण नसतेच. तिचे काम नेमबाजाचा डोळा करतो. गालाचे हाड दस्त्यावर टेकले की डोळा नळीवरील पट्टीच्या बरोबर मध्यावर आणि किंचित वर यावा, अशी अपेक्षा असते. डोळा डावीकडे सरकला तर रायफलीचा मागचा दर्शक सरकवल्यासारखा परिणाम होतो.

बंदूक उजव्या खांद्याला, पण दिशा ठरवणारा डोळा डावा, अशी स्थिती असेल तर हा परिणाम किती मोठा होतो हे साध्या भूमितीने कळते. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असते. डोळ्यापासून माशीपर्यंतचे अंतर ढोबळमानाने एक मीटर धरू. डावा डोळा, माशी आणि पक्षी एका रेषेत आणले तर ही दृष्टिरेषा नळीच्या रेषेला माशीपाशी छेदून तिच्या उजवीकडे जाते. माशीच्या पुढे दर मीटरला ती ६.३ सेंटिमीटरने दूर सरकते. पक्षी ३० मीटरवर असेल तर माशीपुढील २९ मीटरांत हा फरक १८३ सेंटिमीटर होतो. पक्षी दृष्टिरेषेवर आणि छरे नळीच्या रेषेवर, म्हणजे बार पक्ष्याच्या जवळपास दोन मीटर डावीकडून निघून जातो. दोन्ही डोळे सारख्याच जोराने भाग घेत असतील तर चूक निम्म्यावर, सुमारे ९१ सेंटिमीटरवर येते.

'छरे पसरतात, थोडीफार चूक चालते' हा युक्तिवाद येथे टिकत नाही. बारा बोअरच्या ३० ग्रॅमच्या काडतुसात इंग्लिश ६ क्रमांकाचे सुमारे २८५ छरे असतात. ३० मीटरच्या आसपास त्यांचा फैलाव नळीच्या टोकाच्या आवळण्यानुसार, म्हणजे चोकनुसार, साधारण ७० ते ११० सेंटिमीटर व्यासाचा असतो. मध्यापासून मोजल्यास चुकीला मिळणारी सवलत अर्ध्या मीटरच्या आसपासच भरते. १८३ सेंटिमीटरची चूक तिच्यात सामावत नाही आणि ९१ सेंटिमीटरच्या चुकीत पक्ष्याला फैलावाच्या काठावरचे एकदोन छरे लागण्याचा धोका असतो. हा दुसरा परिणाम पहिल्याहून वाईट आहे. त्याचा विचार पुढे केला आहे.

प्रत्यक्षात हिशेब इतका सरळ नसतो, कारण विषम प्राबल्य असलेल्या नेमबाजाचा मेंदू सरावाने थोडीफार भरपाई करतो. त्यामुळे त्याची चूक एका दिशेची असली तरी सारख्याच मापाची राहत नाही. उजव्या खांद्यावरून बार करणारा आणि डाव्या डोळ्याचा माणूस उजवीकडून डावीकडे जाणारे पक्षी बऱ्यापैकी पाडतो, कारण चूक पक्ष्याच्या पुढच्या बाजूस पडते आणि आवश्यक आघाडीत मिसळून जाते. डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या पक्ष्यांच्या मात्र तो सतत मागे राहतो. अशी एकांगी तक्रार ऐकू आली की अनुभवी प्रशिक्षक आधी डोळे तपासतो, हात नंतर.

प्रबळ डोळा ओळखणे

सर्वांत सोपी चाचणी माइल्स यांच्या पद्धतीवर आधारित आहे. दोन्ही हात समोर ताठ धरून तळव्यांच्या मधोमध रुपयाच्या नाण्याएवढी फट ठेवावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून पाच-सहा मीटरवरील एखादी वस्तू पाहावी आणि वस्तू नजरेआड होऊ न देता हात हळूहळू चेहऱ्याकडे आणावेत. फट आपोआप ज्या डोळ्यापाशी येते तो प्रबळ डोळा. पोर्ता यांच्या चाचणीत हात ताठ करून तर्जनी दूरच्या वस्तूवर धरतात आणि एकेक डोळा मिटून पाहतात. ज्या डोळ्याने पाहताना बोट वस्तूवरून हलत नाही तो प्रबळ.

बोटाच्या चाचणीत एक उणीव आहे. वापरलेल्या हाताचा प्रभाव निकालावर पडू शकतो. म्हणून ती दोन्ही हातांनी आणि निरनिराळ्या वेळी करून पाहावी. प्रत्येक वेळी एकच निकाल आला तर प्राबल्य ठाम समजावे. बोट दोन डोळ्यांच्या मध्ये कोठेतरी येत असेल, किंवा निकाल बदलत असेल, तर प्राबल्य दुर्बळ वा मध्यवर्ती आहे असे मानतात. व्यवहारात सर्वाधिक गोंधळ याच गटातील नेमबाजांचा होतो. ठाम विषम प्राबल्य असलेल्याला निदान आपली अडचण ठाऊक असते. मध्यवर्ती प्राबल्य असलेला मात्र एके दिवशी उत्तम नेम धरतो आणि दुसऱ्या दिवशी तोच पक्षी त्याला लागत नाही.

इंग्लंडमधील नेमबाजी शाळांत प्रशिक्षक विद्यार्थ्यासमोर उभा राहून त्याला आपल्या डोळ्याकडे रोख धरायला सांगतो आणि नळीच्या रेषेत कोणता डोळा दिसतो ते पाहतो. हे काम करण्याचा अधिकार प्रशिक्षकाचाच आहे, तेही बंदूक मोडून, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची स्वतः खात्री केल्यावरच. इतरांनी त्याऐवजी केवळ बोट रोखून ही तपासणी करावी. निष्कर्ष तोच मिळतो आणि धोका उरत नाही.

प्राबल्य वयानुसारही बदलू शकते. चाळिशीनंतरची दृष्टी, एका डोळ्यातील मोतीबिंदू किंवा चष्म्यातील बदल यांमुळे वर्षानुवर्षे नेमका असलेला नेम बिघडल्याची उदाहरणे परिचित आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत एका डोळ्यात दूरचे आणि दुसऱ्यात जवळचे पाहण्याचे भिंग बसविण्याचा पर्याय कधी कधी दिला जातो. अशा वेळी आपण कोणत्या खांद्यावरून बंदूक चालवतो हे रुग्णाने नेत्रतज्ज्ञास सांगणे आवश्यक ठरते. दिवसाअखेरच्या थकव्यातही दुसरा डोळा डोके वर काढतो, असा प्रशिक्षकांचा सर्वसाधारण अनुभव आहे.

विषम प्राबल्यावरील उपाय

नवशिक्यासाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे प्रबळ डोळ्याच्या बाजूच्या खांद्यावरून बंदूक चालविण्यास शिकणे. पहिले काही आठवडे हात अवघडल्यासारखे वाटतात. परंतु ज्याला जुन्या सवयी नाहीत त्याला हा बदल फारसा जड जात नाही. मुलांच्या बाबतीत तर याला पर्याय शोधण्याचे कारणच नाही. वीस वर्षे उजव्या खांद्यावरून बार केलेल्या माणसाला मात्र हा सल्ला देणे सोपे आणि पाळणे कठीण असते. शिवाय बंदुकीचा दस्ता, खिटी आणि काडतुसाचे रिकामे कवच बाहेर फेकण्याची दिशा ही बहुधा उजव्या खांद्याच्या सोयीने केलेली असल्याने नवी बंदूक घेण्याचाही प्रश्न येतो.

एक डोळा मिटणे हा उपाय सर्वांना आपसूक सुचतो. तो परिणामकारक आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. एका डोळ्याने पाहताना दृष्टिक्षेत्र आखडते आणि पक्ष्याचे अंतर व वेग यांचा अंदाज घेण्यास साहाय्य करणारी द्विनेत्री दृष्टी नाहीशी होते. झुडपातून अचानक उठणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत हे नुकसान मोठे असते. त्यामुळे अनेक प्रशिक्षक मधला मार्ग सुचवितात. पक्षी टिपेपर्यंत व बंदूक उचलेपर्यंत दोन्ही डोळे उघडे ठेवायचे आणि दस्ता गालाला लागताना, बार करण्यापूर्वी क्षणभर, दुसरा डोळा अर्धवट मिटायचा. अर्धवट मिटल्यानेही त्या डोळ्याची प्रतिमा इतकी अंधुक होते की प्राबल्य सोडावे लागते.

याच तत्त्वावर चष्म्याच्या काचेवरील ठिपक्याचा उपाय बेतलेला आहे. संरक्षक चष्म्याच्या दुसऱ्या बाजूच्या काचेवर, बंदूक खांद्याला असताना त्या डोळ्याला जेथे माशी दिसते नेमक्या त्याच जागी, अर्धपारदर्शक चिकटपट्टीचा लहान तुकडा लावतात. उर्वरित काच मोकळी असल्याने आजूबाजूचे सर्व दिसते, फक्त माशी तेवढी झाकली जाते. तुकडा मोठा झाला तर एक डोळा मिटल्याचेच तोटे होतात, फार लहान झाला तर मान जराशी हलताच तो निरुपयोगी ठरतो. म्हणून तो बसविताना दुसऱ्या माणसाची मदत घ्यावी लागते. चिकटपट्टीऐवजी व्हॅसलीनचे बोट काचेला लावूनही तात्पुरते काम भागते.

काही नेमबाज बंदुकीवरच उपाय करतात. माशीच्या जागी खोलगट नळीत बसविलेला चमकदार तंतू लावला तर तो केवळ पट्टीच्या रेषेतील डोळ्यालाच दिसतो. लंडनच्या बंदूक-कारागिरांनी याहून धाडसी मार्ग काढला होता. दस्ता इतका वाकवायचा की त्याचा मागचा भाग उजव्या खांद्याला टेकलेला असताना नळ्या डाव्या डोळ्यासमोर याव्यात. एका डोळ्याची दृष्टी गेलेल्या शौकिनांसाठी असे दस्ते विशेष उपयोगी ठरले. मध्यवर्ती प्राबल्यासाठी यापेक्षा कमी वाकविलेले दस्तेही करीत. कलाकुसरीचा नमुना म्हणून हे दस्ते पाहण्यासारखे असले तरी ते वजनदार, महाग आणि दुसऱ्या कोणालाही निरुपयोगी असतात.

रायफल व पिस्तूल नेमबाज दुसऱ्या डोळ्यासमोर लहानशी पट्टी लावून उभे असल्याचे चित्र मराठी वाचकांना परिचित आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांचा प्रकार हा असाच स्थिर लक्ष्याचा. तेथे लक्ष्य जागचे हलत नाही, अंतर ठरलेले असते, त्यामुळे दुसऱ्या डोळ्याची गरजही मर्यादित असते. उडत्या लक्ष्याच्या बाबतीत ही रीत जशीच्या तशी उचलता येत नाही.

बंदुकीचे माप

योग्य डोळा प्रबळ असूनही तो पट्टीच्या मध्यावर येत नसेल तर प्राबल्याचा लाभ होत नाही. डोळ्याची जागा ठरते ती दस्त्याच्या मापांवरून. दस्त्याची लांबी, नळीच्या रेषेपासून तो किती खाली उतरतो आणि बाजूला किती झुकतो, ही तीन मापे महत्त्वाची. दस्ता फार उंच असला तर डोळा वर राहतो आणि बार पक्ष्यावरून जातो. फार खाली उतरला असेल तर उजव्या डोळ्यासमोर बंदुकीचा मागचा भागच आडवा येतो, त्याला काही दिसेनासे होते आणि डावा डोळा ताबा घेतो. विषम प्राबल्य म्हणून आलेल्या कित्येक तक्रारी प्रत्यक्षात अशा बेमाप दस्त्याच्या असतात.

माप घेण्यासाठी बंदूक-कारागीर सांध्यांवर हलणारा, हवा तसा वळविता येणारा दस्ता असलेली बंदूक वापरतात. पडताळणी होते ती चुन्याने रंगविलेल्या लोखंडी पत्र्यावर. १६ यार्डांवरून, म्हणजे सुमारे साडेचौदा मीटरांवरून, रेंगाळून नेम न धरता झटकन बंदूक उचलून काही बार करायचे आणि छऱ्यांच्या ठशाचे मध्य पाहायचे. डोळा ते माशी हे अंतर एक यार्डाच्या आसपास असल्याने ठसा एक इंच बाजूला पडला तर दस्त्यात एक सोळांश इंचाचा फरक करावा, हा कारागिरांचा हिशेब. वर मांडलेल्या भूमितीचेच हे उपयोजन होय.

बंदूक उचलणे आणि नजर

बंदूक डोळ्याकडे यावी, डोळ्याने बंदुकीकडे जाऊ नये, हे या विद्येतील मूळ सूत्र. दस्ता खांद्यात आधी रोवून मग मान खाली घालणाऱ्याचा डोळा दर वेळी वेगळ्या जागी येतो. उलट मान स्थिर ठेवून, पुढच्या हाताने नळी पक्ष्याच्या मार्गावर नेत, दस्ता प्रथम गालाला आणि त्याच हालचालीत खांद्याला लावला तर डोळा आणि पट्टी यांचे नाते पक्के राहते. याचा सराव काडतुसाशिवाय घरीच करता येतो. रिकाम्या नळीच्या टोकात बारीक विजेरी बसवून भिंत आणि छत यांच्या जोडरेषेवरून प्रकाशाचा ठिपका फिरवीत बंदूक उचलण्याचा व्यायाम इंग्रज प्रशिक्षक वर्षानुवर्षे देत आले आहेत. ठिपका रेषा सोडून उडाला की दोष कोठे आहे ते लगेच दिसते.

नजर माशीवर नव्हे, पक्ष्यावर हवी. शक्य असेल तर सबंध पक्ष्यावरही नको, त्याच्या डोक्यावर असावी. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. नजर पक्ष्यावर असताना माशी अंधुक दिसणे हेच योग्य. तपासून पाहण्यासाठी नजर माशीवर आली की दोन गोष्टी एकदम घडतात. नळीचे फिरणे थबकते आणि दूरच्या पक्ष्याच्या दोन प्रतिमा दिसू लागल्याने कोणती खरी असा संभ्रम दुबळ्या प्राबल्याच्या नेमबाजास पडतो.

डोक्यावरून येणाऱ्या उंच पक्ष्याची अडचण वेगळी आहे. ब्रिटनमध्ये फेझंट व ग्राउस यांची शिकार बहुतांशी हाक्याने होते. हाकारे पक्षी उठवतात आणि रांगेत उभ्या असलेल्या नेमबाजांच्या डोक्यावरून ते वेगाने जातात. अशा पक्ष्याच्या पुढे नळी नेताना तो नळीआड झाकला जातो. प्रबळ डोळ्याला तो दिसेनासा होतो, पण दुसऱ्या डोळ्याला दिसतच असतो. नेमक्या बाराच्या क्षणी प्राबल्य त्या दुसऱ्या डोळ्याकडे जाते, किंवा नेमबाज पक्षी पुन्हा दिसावा म्हणून मान उचलतो. दोन्ही प्रसंगी बार चुकतो. नळी थांबू न देणे आणि पक्षी झाकला जाताच विलंब न लावता चाप ओढणे, एवढाच यावर उपाय आहे.

आघाडी

छरे पक्ष्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. ३० मीटरपर्यंतचा त्यांचा सरासरी वेग सेकंदाला ३०० मीटर धरला तर हा वेळ एक दशांश सेकंद भरतो. तेवढ्यात ताशी ६५ किलोमीटर वेगाने आडवा जाणारा पक्षी १.८ मीटर पुढे जातो. बंदूक पक्ष्याच्या पुढे ठेवण्याच्या या अंतराला आघाडी म्हणतात. ती साधण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. पक्ष्याच्या मागून नळी आणून त्याला ओलांडताना बार करणे, सुरुवातीपासून ठरावीक अंतर पुढे राहून बार करणे, आणि पक्ष्याबरोबर काही क्षण चालून मग नळी पुढे खेचणे.

लंडनचे बंदूक-कारागीर रॉबर्ट चर्चिल (१८८६–१९५८) यांनी यांपैकी कोणतीही जाणीवपूर्वक वापरू नये असे आग्रहाने सांगितले. नजर पक्ष्यावर खिळवावी, बंदूक नजरेमागोमाग यावी, आघाडीचा हिशेब शरीराने करावा, असे त्यांचे मत होते. ते त्यांनी 'गेम शूटिंग' (१९५५) या पुस्तकात मांडले आहे. बंदुकांच्या तज्ज्ञ साक्षीसाठी इंग्लंडच्या न्यायालयांतही त्यांना बोलावले जाई. २५ इंची आखूड नळ्यांचा त्यांनी केलेला पुरस्कार बराच वादग्रस्त ठरला. त्यांच्यापेक्षा वेगळी शिकवण पर्सी स्टॅनबरी यांची होती. सर्व भार पुढच्या पायावर ठेवून ठरावीक पवित्र्यात उभे राहण्यावर त्यांचा भर होता, तर चर्चिल फिरण्याच्या दिशेनुसार भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्यास सांगत. मतभेद असले तरी पक्ष्यावर खिळलेली नजर आणि योग्य मापाची बंदूक या दोन अटी दोघांनाही मान्य होत्या. चर्चिल यांची रीत तर प्रबळ डोळा पट्टीवरच आहे असे गृहीत धरूनच चालते. विषम प्राबल्य असलेल्याने ती तशीच अनुसरली तर तो मोठ्या आत्मविश्वासाने चुकत राहील.

जखमी होऊन निसटणारे पक्षी

पूर्णपणे चुकलेल्या बाराने काडतूस वाया जाते. काठावरच्या छऱ्यांनी मात्र पक्षी जखमी होऊन निसटतो आणि पुढे मरतो वा अपंग जगतो. १९९०च्या दशकात डेन्मार्कमध्ये गुलाबी पायांच्या हंसांना पकडून त्यांच्या क्ष-किरण तपासण्या करण्यात आल्या. तेव्हा वरकरणी धडधाकट दिसणाऱ्या प्रौढ पक्ष्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांच्या शरीरात छरे आढळले. या निष्कर्षांनंतर तेथे शिकाऱ्यांच्या संघटनेसह मोहीम हाती घेण्यात आली आणि लांबून बार न करण्यावर भर देण्यात आला. पुढील वर्षांतील तपासण्यांत छरे वाहणाऱ्या पक्ष्यांचे प्रमाण घटलेले दिसले.

जखमी होण्याची कारणे अनेक असतात, लांबून केलेला बार हे त्यांतील प्रमुख. पण डोळा व बंदूक यांचा मेळ नसलेला नेमबाज कमी अंतरावरही लांबच्या बाराएवढीच चूक करतो आणि ती चूक दर वेळी एकाच बाजूची असल्याने नशिबावर सोडता येत नाही. डोळ्यांची तपासणी, पत्र्यावरील पडताळणी आणि मातीच्या तबकड्यांवरील सराव या गोष्टी शिकारीच्या मोसमाआधी पूर्ण व्हाव्यात, हा आग्रह यासाठीच आहे. ब्रिटनमध्ये ग्राउसचा मोसम १२ ऑगस्टला आणि फेझंटचा १ ऑक्टोबरला सुरू होतो. तेथील नेमबाजी शाळांत त्याआधीचा उन्हाळा या तयारीचा असतो. स्कीट हा आजचा ऑलिंपिक खेळही मुळात असाच सराव होता. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात अँडोव्हर येथे ग्राउसच्या शिकाऱ्यांनी १९२०च्या दशकात तो सुरू केला.

भारतातील स्थिती

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य पक्ष्यांच्या शिकारीवर निर्बंध आले. त्या कायद्यात सुरुवातीस काही पक्ष्यांच्या शिकारीसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१च्या दुरुस्तीने ती रद्द झाली. त्यामुळे तित्तिर, लावे, रानकोंबडे वा पाणपक्षी यांची छंद म्हणून शिकार करणे हा आज गुन्हा आहे. कोकणातील शेतकऱ्यांकडे पीक-संरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत. परंतु असा शस्त्रपरवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. आपल्याकडे छऱ्याच्या बंदुकीचे कौशल्य त्यामुळे ट्रॅप आणि स्कीट या तबकडी-नेमबाजीच्या खेळांपुरतेच उरले आहे.

या खेळांत भारतीयांनी लक्षणीय यश मिळविले आहे. बिकानेरचे महाराजा कर्णी सिंह यांनी १९६२ साली कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅप प्रकारात रौप्यपदक जिंकले. राज्यवर्धन सिंह राठोड यांनी २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये दुहेरी ट्रॅपमध्ये रौप्यपदक पटकावले, तर मानवजीत सिंग संधू २००६ साली ट्रॅपचे जागतिक विजेते ठरले. पॅरिस येथे २०२४ साली स्कीटच्या मिश्र सांघिक प्रकारात महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरुका यांचे कांस्यपदक अवघ्या एका गुणाने हुकले. या खेळातील तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची असते. ३० मीटरवर १८३ सेंटिमीटरची चूक म्हणजे अशा सोळा तबकड्या ओळीने मांडल्या तर त्यांच्याही पलीकडचे अंतर. तबकडी-नेमबाजी शिकू इच्छिणाऱ्याने प्रबळ डोळ्याची चाचणी बंदूक निवडण्यापूर्वी करावी. उजव्या खांद्यासाठी घडविलेला दस्ता एकदा विकत घेतला की खांदा बदलण्याचा निर्णय घेणे पुष्कळच अवघड होऊन बसते.